हुकूम कुणाचा, कधीचा?

विहिरीवरची मोटार लांबून चालू-बंद करण्याची सोय पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या शिवारात, यंत्राच्या आधी माणसांनीच करून ठेवली होती. ज्याचं घर डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळ, त्याला फोन लावायचा. पहिला प्रश्न, "लाईट आली का?" आली असेल तर दुसरा, "तेवढं आमचं हिरवं बटण दाबतोस का?" पुढचे दोन-तीन तास पाणी चालायचं, मग परत फोन, आता लाल बटण. या व्यवस्थेला रिचार्ज लागत नव्हता. पण शेजारी लग्नाला गेला की बंद पडायची, आणि रात्री दोनला त्याला उठवायचं म्हणजे संबंधांची परीक्षाच.

मोबाईलवर मेसेज पाठवून दूरची वस्तू चालवायची, किंवा खुद्द दूरचा मोबाईलच चालवायचा, हा प्रश्न शहरात हौसेचा असतो. आंबेगाव-जुन्नरमध्ये तो वेळापत्रकाचा आहे. शेतीपंपांना महावितरण तीन फेज वीज पाळीपाळीने देतं. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रपाळीत दारं धरायला जायचं ते उसातून. डिंभे धरण आणि कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं तसा ऊस वाढला, पारगावचा भीमाशंकर आणि जुन्नरचा विघ्नहर हे कारखाने उभे राहिले, आणि उसात बिबट्याही वाढला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वनखात्याचा जुन्नर विभाग होतो. त्याची ओळख आज राज्यभर बिबट्यामुळेच आहे, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तेव्हा रात्री अकराला बांधावरून विहिरीवर जाणं हे इथे जिवावरचं काम आहे. एका मेसेजने ते वाचत असेल, तर त्या मेसेजच्या सगळ्या बाजू नीट तपासाव्या लागतात. विक्रेते फक्त एक बाजू सांगतात.

आधी मेसेज ही चीज काय आहे ते पाहू. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या इंग्लंडमधल्या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, तो पहिला मेसेज. भारतात मोबाईलवरचं पहिलं संभाषण झालं ३१ जुलै १९९५ ला, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात. मेसेजची लांबी १६० अक्षरं ठरली, कारण तो बोलण्याच्या वाटेने जातच नाही. टॉवर आणि फोन यांच्यात 'तू कुठे आहेस, तुला कॉल आलाय' असं जे सतत चाललेलं असतं, त्या अरुंद वाटेवर उरलेल्या जागेत त्याला बसवला. जागा १४० बाइटची. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं म्हणून १६०, देवनागरीला सोळा बिट लागतात म्हणून ७०. याचा फायदा शेतात कळतो. इंटरनेट पूर्ण झोपलेलं असताना, सिग्नलची एखादीच काडी दिसत असताना, फोनवर बोलणं तुटत असताना मेसेज मात्र जातो. ॲप उघडून गोल फिरणारं चक्र बघत बसण्यापेक्षा हे बरं.

पण त्याच रचनेत त्याचा दोषही आहे. मेसेज थेट पोहोचत नाही. तो आधी कंपनीच्या मेसेज केंद्रात जातो, तिथे थांबतो, आणि समोरचा फोन सापडला की पुढे जातो. फोन बंद असेल, टॉवरची बॅटरी उतरली असेल, तर काही तास, कधी दिवसभरानेसुद्धा. 'आज जेवायला येत नाही' हा निरोप उशिरा पोहोचला तर फार तर भाकरी वाया जाते. 'मोटार चालू' हा हुकूम उशिरा पोहोचला तर काय, याकडे पुढे येतो.

या विषयात महाराष्ट्राचं एक नाव जगभर गेलं ते संतोष ओस्तवाल या पुण्याच्या अभियंत्याचं. म्हातारपणीही पंप चालू करायला शेतावर चालत जाणारे आजोबा त्यांनी पाहिले होते, तिथून या कल्पनेचा उगम ते सांगतात. सुरुवातीचे प्रयत्न रेडिओ लहरींवरचे होते. मोबाईल स्वस्त झाल्यावर त्यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र आणलं, आणि २००९ मध्ये नोकियाच्या नवसंशोधकांच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. यंत्राची मूळ युक्ती साधी आणि फार हुशारीची होती. शेतकरी यंत्राला कॉल करतो, यंत्र तो उचलतं, शेतकरी आकडे दाबतो. प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो, तो ओळखून यंत्र स्टार्टर ओढतं किंवा सोडतं. उलट दिशेने यंत्रही वेगवेगळे आवाज ऐकवून लाईट आहे की नाही, मोटार चालू झाली की नाही ते सांगतं.

यात मेसेजऐवजी कॉल निवडला हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॉल एक तर लागतो, नाही तर लागत नाही. तो वाटेत मुक्काम करत नाही. रात्रीचा कॉल पहाटे पोहोचला, असं होत नाही. शिवाय वाचता-लिहिता येत नसलेल्या माणसालाही आकडे दाबता येतात. पुढे बाजारात आलेल्या अशाच अनेक यंत्रांनी, म्हणजे बॉक्सनी, याहून स्वस्त वाट धरली, मिस कॉलची. ठरलेल्या नंबरवरून एक रिंग गेली की मोटार चालू, परत गेली की बंद. खर्च शून्य. आपल्याकडे मिस कॉल हा स्वतंत्र दळणवळणाचा प्रकारच आहे. २०२१ पासून इंडेनचा गॅससुद्धा मिस कॉलवर नोंदवता येतो.

मग मेसेज कशाला? उत्तरासाठी. मिस कॉलला उत्तर देता येत नाही, मेसेजला येतं. चांगला बॉक्स मोटार चालू झाल्यावर लिहून कळवतो: तिन्ही फेज आहेत, व्होल्टेज इतकं, मोटार इतका करंट ओढते आहे. लाईट गेली की 'गेली', आली की 'आली'. माझ्या मते या बॉक्सचे निम्मे पैसे या एका 'लाईट आली' मेसेजचेच आहेत. हुकूम देण्याची सोय त्याच्या मागाहून येते. शेतकऱ्याची खरी फरफट बटण दाबण्यात नव्हती. लाईट नसताना तिथे जाऊन बसण्यात होती.

लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप चालू व्हावी, यासाठी जुना आणि स्वस्त उपाय आहेच, ऑटो स्विच. महावितरण वर्षानुवर्षं कळकळीने सांगतं की तो काढा आणि कपॅसिटर बसवा. कारण सरळ आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी लाईट येताच एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर असा ताण येतो की फ्यूज उडतो, नाही तर डीपीच जळते. मग सगळा शिवार नवीन डीपीची वाट बघत कोरडा. ऑटो स्विच लावणारा प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणा असतो, सगळे मिळून मात्र वेडे ठरतात. लांबून चालवायच्या बॉक्सने हा पेच सुटायला हवा, कारण प्रत्येक जण आपल्या वेळेला चालू करणार. प्रत्यक्षात बहुतेक बॉक्समध्येही 'ऑटो' मोड असतो आणि तोच लावून ठेवला जातो. बॉक्सला विलंब ठरवता येतो, लाईट आल्यावर दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी. एका डीपीवरच्या दहा जणांनी वेगवेगळी मिनिटं लावून घेतली तर काम झालं. त्यासाठी दहा जणांनी एकदा एकत्र बसायला हवं, आणि ही गोष्ट कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता बॉक्स बसवण्याबद्दल. त्यात गूढ काही नाही. आत एक छोटा मोडेम असतो, सिम बसणारा, मोबाईलच्या पोटातल्यासारखा, फक्त पडदा नाही. तो आलेला मेसेज वाचतो, रिलेला इशारा देतो. रिलेचे दोन संपर्क स्टार्टरला जोडतात: चालू करण्याचा हिरव्या बटणाला समांतर, बंद करण्याचा लाल बटणाच्या तारेत मालिकेत. म्हणजे बॉक्स बिघडला तरी हाताची बटणं चालू राहतात. जो मेस्त्री हिरवं-लाल बटण काढून टाकून सगळं बॉक्सवर घेतो, त्याला परत पाठवावं.

बिघाड बहुधा मोडेमच्या जेवणात असतो. मेसेज पाठवताना तो क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास ओढतो. आतला पुरवठा कमजोर असला की त्याच क्षणी व्होल्टेज पडतं, मोडेम बंद होऊन परत चालू होतो, आणि मालक म्हणतो 'रेंज नाही'. लाईट गेल्याचा मेसेज पाठवायला आत बॅटरी लागते, हेही पुष्कळांना बॉक्स घेतल्यावर कळतं. विहीर नदीकाठच्या खोलगट भागात, भोवती ऊस, वर पत्र्याची पेटी, अशा ठिकाणी अँटेना पेटीच्या आत ठेवून उपयोग नाही. ती तारेने बाहेर काढून उंच बांबूवर न्यावी. ड्राय रनचं संरक्षण, म्हणजे विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर करंट कमी झालेला ओळखून मोटार थांबवणं, आणि एक फेज गेल्यावर थांबवणं, ही दोन कामं बॉक्स स्वतःच्या अकलेने करतो की मालकाच्या मेसेजची वाट बघतो, हे विकत घेण्याआधी विचारावं. जळालेली मोटार भरून आणायला बॉक्सइतकाच खर्च येऊ शकतो.

आणि सिम. इथेच सगळ्यात जास्त लोक अडखळतात. स्वस्त बॉक्समधला मोडेम टूजीवर चालतो आणि जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे घरातलं जास्तीचं जिओचं सिम त्यात घातलं की बॉक्स मुका. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांच्यापैकी ज्याचा टूजी टॉवर विहिरीवर पोहोचतो ते घ्यावं. गावच्या चौकात ज्याची रेंज चांगली, त्याची विहिरीवर असेलच असं नाही. दुसरी अडचण रिचार्जची. २०१८ च्या अखेरीस ३५ रुपयांपासून सुरू झालेली महिन्याच्या किमान रिचार्जची सक्ती पुढे वाढतच गेली. वर्षातून चार महिने लागणाऱ्या मोटारीच्या सिमला बारा महिने पैसे भरायचे आणि त्यात न लागणारा डेटाही घ्यायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने फक्त बोलणं आणि मेसेज यांचे वेगळे, वर्षभरापर्यंतच्या मुदतीचे पॅक देणं कंपन्यांना भाग पाडलं, ते या पंपवाल्यांच्या नक्कीच उपयोगाचं आहे. यंत्रांसाठी तेरा अंकी नंबरांची वेगळी व्यवस्थाही २०१८ पासून आहे, पण ती ठोक गिऱ्हाइकांची, एकट्या शेतकऱ्याच्या वाट्याला ती येत नाही.

रेंजचा विषय निघाला म्हणून एक आडवळण. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, निम्म्याच्या आसपास मध्यवर्ती चौकात आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरपर्यंत पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्याला एक कारण होतं इथली रेडिओ-शांतता. ज्या लहरींवर आपला टूजी मोबाईल बोलतो, तो ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा या दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्यांना लागूनच आहे. म्हणून इथल्या परिसरात टॉवर उभारणं हा दुर्बिणीच्या दृष्टीने कायमचा काळजीचा विषय आहे. त्या तीसही अँटेनांना 'इकडे वळा' हा हुकूम एका खोलीतून जातो, पण तो हवेतून जात नाही, जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून जातो. एकाच परिसरात शेजारीशेजारी दोन दूरनियंत्रणं आहेत: एकाला हवेत आवाज नको, दुसऱ्याचं हवेतल्या आवाजाशिवाय चालत नाही.

आता उशिरा पोहोचलेल्या हुकमाकडे. समजा रात्री दहाला 'चालू' पाठवलं. टॉवर बंद आहे, उत्तर येत नाही. अर्ध्या तासाने माणूस कंटाळतो, मेसेज विसरतो, झोपतो. पहाटे तीनला टॉवर उठतो, मेसेज पोहोचतो, मोटार चालू. सकाळपर्यंत वाफ्याचं तळं. याहून वाईट म्हणजे दुपारी कुणी तरी पंपाचा फूटव्हॉल्व्ह सोडवायला विहिरीत उतरलेलं असताना सकाळचा अडकलेला 'चालू' येऊन पडतो. लांबून चालणाऱ्या मोटारीवर काम करताना फोनवर 'बंद' पाठवून भागत नाही. पेटीवरचा खटका हातावर घ्यायचा आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचा. मोटारीवर बॉक्स बसवला त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला, गड्याला आणि वाटेकऱ्याला हे सांगितलं गेलं पाहिजे. मला ही सूचना बॉक्सच्या झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत छापलेली हवी आहे.

उशिराच्या हुकमावर इलाज मेसेजच्या पोटातच आहे. मेसेज केंद्र प्रत्येक मेसेजवर वेळेचा शिक्का मारतं, आणि तो शिक्का बॉक्सपर्यंत पोहोचतो. बॉक्सने फक्त आपल्या घड्याळाशी ताडून बघायचं: दहा मिनिटांहून जुना असेल तर फेकून दे आणि मालकाला कळव. प्रोग्रामच्या मोजक्या ओळींचं हे काम आहे. आपला बॉक्स ते करतो का, हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. मोटारीचे फ्यूज काढा, बॉक्स बंद करा, 'चालू' पाठवा, अर्ध्या तासाने बॉक्स चालू करा. बॉक्सच्या रिलेने टक् आवाज केला तर बॉक्स जुना हुकूमही मानतो. दुकानदारासमोर ही परीक्षा घेतली तर उत्तम.

हुकूम कधीचा, हा एक प्रश्न. हुकूम कुणाचा, हा दुसरा. बॉक्स ओळखतो तो नंबर, माणूस नव्हे. मेसेजवर दिसणारा पाठवणाऱ्याचा नंबर खोटा दाखवता येतो, भारतात त्यावर बरीच बंधनं असली तरी. टूजीत आणखी एक मूळचीच उणीव आहे: फोन टॉवरला आपली ओळख पटवतो, टॉवर फोनला कधीच पटवत नाही. म्हणून नकली टॉवर उभा करून मेसेज घुसवता येतात. पण घोडेगावच्या विहिरीसाठी कोण नकली टॉवर उभारणार? कुणी नाही. भावकीतल्या वादात मोटार चालू-बंद करणारा मिळेलच, पण त्याला टॉवर नको, त्याला घरातला फोन हाताशी असतो. पंपापुरता माझा कौल असा की ठरलेले नंबर, चार अंकी पिन, वेळेचा शिक्का आणि परतीचं उत्तर एवढं असलं की मेसेजवर विसंबायला हरकत नाही. नुकसान झालं तर वाफ्याचं होतं, आणि त्याला मर्यादा असते.

खिशातल्या मोबाईलची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे, आणि लोक ती एकच समजतात.

दूरचा मोबाईल मेसेजने चालवायची कल्पना स्मार्टफोनच्या आधीची. बटणांच्या सॅमसंग फोनमध्ये 'मोबाईल ट्रॅकर' असायचा. चोराने सिम बदललं की नव्या सिमवरून तुम्ही दिलेल्या नंबरला गुपचूप मेसेज यायचा. पुढे अँड्रॉइडवर 'व्हेअर्स माय ड्रॉइड'सारखी ॲप आली. ठरलेला शब्द मेसेजने पाठवला की सायलेंटवरचा फोन मोठ्याने वाजायचा, किंवा आपण कुठे आहोत ते कळवायचा. २०१३ मध्ये गूगलने स्वतःची फोन शोधण्याची सोय दिली, ॲपलची आधीपासून होती. पण त्या इंटरनेटवर चालणाऱ्या, मेसेजवर नव्हे.

या प्रकाराला खरा आळा बसला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलने धोरण बदललं तेव्हा. जे ॲप फोनचं मुख्य मेसेज-ॲप नाही, त्याने मेसेज वाचायची परवानगी मागायची नाही, मोजके अपवाद सोडून. अनेक चांगल्या ॲपनी त्या सुमारास मेसेजने हुकूम घ्यायची सोय प्ले स्टोअरवरच्या आवृत्तीतून काढली. हळहळ वाटली, पण निर्णय बरोबर होता. जे ॲप हुकमाचा मेसेज वाचू शकतं, ते बँकेचा ओटीपीही वाचू शकतं. अँड्रॉइडच्या त्या परवानगीत 'फक्त हाच मेसेज वाच' अशी चाळणी नाही.

आजही करायचंच असेल तर वाट आहे. एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारात 'फाइंड माय डिव्हाइस' नावाचं ॲप मिळतं. त्याचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. ते टाकून मेसेज, लोकेशन आणि डिव्हाइस ॲडमिनच्या परवानग्या द्यायच्या, पिन ठरवायचा, विश्वासाचे दोन-तीन नंबर नोंदवायचे. मग ठरलेल्या शब्दापुढे 'वाज', 'कुठे आहेस', 'कुलूप लाव' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहून मेसेज पाठवला की फोन तसं करतो. फोनमधलं सगळं पुसून टाकण्याचाही हुकूम असतो, तो चालू करू नये. शाओमी, विवो, ओप्पो यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागची ॲप मारून टाकायची पद्धत आहे. ऑटोस्टार्टची परवानगी दिली नाही तर ऐन वेळी फोन गप्प बसतो, आणि हे कळतं ते गरज पडते तेव्हाच. म्हणून महिन्यातून एकदा वाजवून बघावं.

हे कुणाच्या उपयोगाचं? चोरीसाठी फारसं नाही. चोर पहिल्यांदा सिम काढतो, मग मेसेज कुठे जाणार? चोरीसाठी पोलिसांत तक्रार आणि मे २०२३ मध्ये देशभर खुली झालेली 'संचार साथी'ची सोय. तिथे फोनचा आयएमईआय क्रमांक नोंदवला की तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. आयएमईआय स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवावा, फोन गेल्यावर तो कुठून बघणार? मेसेजचा हुकूम उपयोगी पडतो हरवलेल्या फोनला. आणि या भागात तर एका खास प्रसंगात. मुंबईचे डबेवाले ज्या तालुक्यांतून जातात त्यांत जुन्नर, आंबेगाव, खेड आहेतच, आता चाकणच्या कारखान्यांत जाणारेही आहेत. घरी आई-वडील, मुलगा शंभर किलोमीटरवर. वडिलांनी देवळात फोन सायलेंट केला तो तसाच राहिला, संध्याकाळपर्यंत वीस कॉल, उत्तर नाही. शेजारी धावाधाव करतात आणि वडील ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. इथे 'वाज' हा एक हुकूम पुरतो. पण तोही वडिलांना सांगून, त्यांच्यासमोर लावलेला हवा. बायकोच्या, बहिणीच्या, सुनेच्या फोनवर गुपचूप असं काही बसवणारे आहेत. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, आणि स्त्रीच्या फोनवरच्या व्यवहारावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे.

आणि ज्यांना तुमचा फोन लांबून चालवायचाच आहे, ते हे ॲप वापरत नाहीत. ते व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवतात. आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. उघडली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते, लोक घाईत 'अलाऊ' दाबतात. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडे परस्पर जातो. मेसेजने मोबाईल चालवण्याचं हेच तंत्र, फक्त मालक बदललेला. दुसरा प्रकार गोड बोलून स्टार-चारशे-एक-स्टार आणि एक नंबर डायल करायला लावण्याचा. तसं केलं की तुमचे कॉल दुसरीकडे वळतात, त्यात फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कॉल वळवण्याची ती वाट बंद करायला सांगितली. सप्टेंबर २०१९ मध्ये तर ॲडाप्टिव्ह-मोबाइल या आयर्लंडच्या कंपनीने दाखवलं की काही सिमकार्डांत बसलेल्या एका जुन्या प्रोग्रामला विशिष्ट मेसेज पाठवून फोनचा ठावठिकाणा काढता येतो, मालकाला मेसेज दिसतही नाही. त्याला 'सिमजॅकर' नाव पडलं. पैसे गेले तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करावा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

म्हणून पंपाला मेसेजचं दार उघडं ठेवावं आणि फोनला बंद. गंमत अशी की अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून अनेक फोनमध्ये टूजी बंद करण्याचं बटण मिळतं आणि सुरक्षेसाठी ते दाबावं, तर त्याच माणसाचा विहिरीवरचा बॉक्स टूजीवर जगतो. पंपासाठीच्या बॉक्सला आपल्या बँकेच्या खात्याला जोडलेलं सिम देऊ नये, आणि बॉक्सला हुकूम देणारं ॲप घेतलं असेल तर त्याला फोनमधले सगळे मेसेज वाचायची परवानगी देऊ नये. पाठवायची पुरते.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरच्या अंगाला, या सगळ्या चर्चेला अर्थ कमी. तिथे पावसाचं भात, हिरडा, आणि डोंगराआड गेलेली रेंज. ३० जुलै २०१४ ला इथलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, त्याची बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने, रोजच्या जागी गाव दिसलं नाही म्हणून. कुठलाही मेसेज तिथून निघू शकला नव्हता. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात या गावांसाठीच्या ज्या मागण्या येतात, त्यांत टॉवर ही मागणी रस्त्याइतकीच जुनी होत चालली आहे.

पूर्वेला मात्र पुढचा पेच तयार होतो आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल सरकार भरतं, तेव्हा 'मोटार विसरली तर विसरली' असं म्हणणारे वाढणार आणि विहिरी उपसल्या जाणार. दुसरीकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आणि सौर कृषी वाहिनी यांतून वीज दिवसा येऊ लागली की रात्रीचा फेरा संपेल, आणि बॉक्सची मुख्य गरजही. पण केंद्राच्या कुसुम योजनेतल्या सौरपंपाच्या नियंत्रकात सिमकार्ड आधीच बसवलेलं असतं. पंप किती चालला, वीज किती झाली, पाणी किती आलं, हे सगळं तो रोज कळवतो. कळवतो ते पुरवठादाराच्या आणि सरकारी यंत्रणेच्या संगणकाला. शेतकऱ्याला ते बघायचं तर ॲप, पासवर्ड आणि इंटरनेट. विहीर त्याची, पाणी त्याचं. तोच आकडा रोज संध्याकाळी सत्तर देवनागरी अक्षरांत त्याच्या साध्या फोनवर का येत नाही, याचं उत्तर निविदेच्या अटी लिहिणाऱ्यांनी द्यायचं आहे.